मोठ्या मशिदी पाहायला निघालोय, नेमकं काय पाहायचं?

पूर्णाकाठ
रामराम मंडळी. अकोट तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची दरसालची अभ्याससहल कापसाचा पहिला वेचा उरकला की निघते. यंदाचा विषय देशातल्या मोठ्या मशिदी आणि त्यांचं बांधकाम. मंडळी बावीस. त्यात चार गवंडी, एक सुतार, दोन निवृत्त मास्तर, बाकी कॉलेजची पोरं.

कच्ची यादी: बुऱ्हाणपूर, भोपाळ, हैदराबाद, गुलबर्गा, विजापूर, अहमदाबाद, दिल्ली. एवढं सगळं एका दमात होणार नाही, हे कळतं. दोनच फेऱ्या करायच्या तर कुठल्या, ते सांगा. आणि गेल्यावर नेमकं काय पाहायचं? चौकोनी खोलीवर गोल घुमट बसतो कसा, हे गवंड्यांना समजून घ्यायचंय. नुसते फोटो काढून परत यायचं नाही.

कोणी काय पाडलं आणि कोणी काय बांधलं, याचे धागे इथं चिक्कार आहेत. तो वाद तिकडेच. इथं दगड, चुना आणि कमान.

वऱ्हाडी_ठेचा
बावीस माणसं अन् चार गवंडी. बाप्पा, सहल आहे का कंत्राट?

ओळंबा
पूर्णाकाठ भाऊ, घुमटाकडे मान वर करायच्या आधी जमिनीवरचा नकाशा पाहा. किब्ला म्हणजे मक्केची दिशा, नमाज तिकडं तोंड करून होते. किब्ल्याची भिंत म्हणजे आपल्याकडे पश्चिमेची. ती एकदा ठरली की बाकी सगळं तिच्या हिशोबानं येतं.

नमाजाच्या रांगेला सफ म्हणतात. माणशी दोन फूट रुंदी आणि दर सफेला चार फूट खोली धरा. १०० फूट रुंद आणि ४० फूट खोल दालनात १० सफा बसतात, दर सफेत ५० माणसं, एकूण ५००. हेच दालन फिरवून ४० रुंद, १०० खोल केलं तरी माणसं ५००च मावतात, पण पहिल्या सफेत फक्त २०. पहिल्या सफेला मान असतो, म्हणून दालन आडवं पसरतं. देवळात आपण सभामंडपातून गाभाऱ्याकडे सरकत जातो, तिथं खोली कामाची. इथं रुंदी.

आता या रुंद दालनावर छत टाकायचं. दगडी तुळई फार लांब चालत नाही, म्हणजे खांब आले. खांब आले की सफ तुटते. मोठ्या मशिदीत जे काही कौशल्य दिसतं ते बहुतेक या एका भानगडीतून निघालेलं आहे: खांब कमी करायचे, छत मात्र पडू द्यायचं नाही.

शेपू_शेंगदाणा
दिल्लीच्या जामा मशिदीत २५ हजार माणसं मावतात म्हणे. एवढं मोठं छत आहे?

ओळंबा
नाही. ती माणसं मुख्यतः अंगणात, म्हणजे सहनात. छताखालचं दालन त्या मानानं लहान आहे. शाहजहाननं बांधलेली ही मशीद १६५६ मध्ये पूर्ण झाली. तीन घुमट, दोन मिनार, पुढं लाल दगडाचं अफाट अंगण.

याच्या बरोबर उलट गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद, १३६७ ची. तिथं अंगणच नाही, सगळी इमारत छताखाली. साधारण २१६ × १७६ फूट. ओळीनं छोटे घुमट, चार कोपऱ्यांवर जरा मोठे आणि मिहराबासमोर (किब्ल्याच्या भिंतीतला कोनाडा) नऊ खणांवर एकच मोठा. चार खांबांमधली एक चौकोनी जागा म्हणजे एक खण. उजेड येतो बाजूच्या कमानींतून. त्या कमानी मुद्दाम पाहा: पाय बुटके आणि जाड, वरचा पसारा रुंद. शिलालेखात कझवीनच्या रफी नावाच्या कारागिराचं नाव आहे.

वऱ्हाडी_ठेचा
यादीत इजापूर आहे म्हंजे गोल घुमटच पाहाले चालले असान. सर्व्यात मोठी मशीद थेच नं?

कालबूत
ठेचा भाऊ, गोल घुमट मशीद नव्हे, मकबरा आहे. मुहम्मद आदिलशहाची कबर. त्याच्या आवारात पश्चिमेला लहान मशीद आहे ती वेगळी, आणि विजापूरची जामा मशीद गावात आणखी वेगळी. पण पूर्णाकाठ यांच्या गवंड्यांनी गोल घुमट सोडू नये, कारण जामा मशिदीत जी युक्ती आधी केली तीच तिथं भल्यामोठ्या मापात केलीय.

चौकोनावर गोल कसा बसतो ते सांगतो. आधी चौकोनाचा अष्टकोन करायचा. २० × २० ची खोली घ्या. कर्ण २८ फूट ३ इंच भरतो, अर्धा १४ फूट २ इंच. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर १४ फूट २ इंचांची खूण करा. चार कोपरे, आठ खुणा. खुणा जोडल्या की अष्टकोन तयार, बाजू सव्वाआठ फुटांहून किंचित जास्त. कोपऱ्यातून ५ फूट १० इंचांचा त्रिकोण कापला गेला. हे दोरीनं होतं, कॅल्क्युलेटर नको. पोरांना वाचनालयाच्या ओट्यावर खडूनं काढायला लावा, निघायच्या आधी.

आता या कापलेल्या त्रिकोणावर हवेत भिंत उभी करायची आहे. तिचे तीन प्रकार पाहायला मिळतील.

पहिला, कोपऱ्यात तिरपी कमान. तिच्या पोटात अर्धा कोनाडा दिसतो. भार कमानीतून दोन्ही भिंतींवर जातो. दुसरा, चार बाजूंना चार मोठ्या कमानी आणि त्यांच्या मधल्या बेचक्यात उलटा लटकता त्रिकोण, जणू गोल पातेल्याचा तुकडा. तिसरा, दगडाचा एकेक थर थोडा थोडा पुढं काढत कोपरा भरणं. अष्टकोन झाला की त्याचा सोळा बाजूंचा पट्टा करायचा. सोळावर गोल सहज बसतो, फट चुन्यात भरते.

विजापुरात आणखी वेगळं आहे. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी. वरून पाहिलं तर दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवल्यासारखे. छेदनबिंदूंमधून मध्ये अष्टकोन उरतो आणि तो खोलीपेक्षा बराच लहान असतो. म्हणजे खोली मोठी, घुमट तुलनेनं लहान. गोल घुमटाची खोली आतून सुमारे १३५ फूट चौरस, म्हणजे १८ हजार चौरस फुटांहून थोडी अधिक. घुमटाचा आतला व्यास मात्र सुमारे १२४ फूट. शिवाय घुमट या कमानींच्या कड्याच्या आतल्या काठावर बसलेला नाही. काठ सोडून मागे आहे, म्हणून आत सुमारे ११ फूट रुंद सज्जा मोकळा सुटलाय. आवाज घुमतो तो हाच सज्जा.

शेपू_शेंगदाणा
पण सज्जा कशाला ठेवला? आवाजासाठी?

कालबूत
आवाज हा नफ्यातला. आत झुकलेल्या त्या जड दगडी कड्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं. घुमट पायथ्याशी बाहेर ढकलतो. एकाचा जोर दुसरा खातो, भिंतींवर बाहेरचा रेटा कमी पडतो. घुमट पायथ्याशी सुमारे दहा फूट जाड आहे.

रेटा म्हणजे काय ते गवंड्यांना असं दाखवा. अर्धं कापलेलं संत्र घ्या (आपल्याकडे तोटा नाही), आतल्या फोडी काढा, साल टेबलावर पालथी घाला आणि वरून दाबा. वरचा भाग दाबला जातो, कड मात्र फाकते. अर्धगोल घुमटाचंही तेच होतं. माथ्यापासून साधारण ५२ अंशांपर्यंत दगड एकमेकांना दाबून धरतात. त्याच्या खाली आडवा ताण सुरू होतो आणि दगड-चुना ताणाला कच्चा. म्हणून घुमटाला तडा जातो तो पायथ्यापासून वर, उभा, कलिंगडाच्या फाकीसारखा. यावर जुने उपाय असे: पायथा जाड करा, घुमटाच्या खांद्यावर वजन टाका, चारी बाजूंना लहान घुमट किंवा दालनं चिकटवून त्यांना रेटा झेलू द्या. मोठ्या घुमटाच्या बाजूला छोटे घुमट दिसतात ते फक्त शोभेला नसतात.

वऱ्हाडी_ठेचा
संत्र खाऊन झाल्यावर साल पालथी घालायची, एवढं समजलं. मशीद नोय हे पण समजलं. मागं घेतो शब्द.

मेळघाट_मैना
चांगला धागा. फक्त एक, सगळे विजापूर-दिल्लीकडे पळताय. रेट्यानं काय होतं ते पाहायला गाविलगडावर चढा. चिखलदऱ्याच्या दारात आहे. किल्ला बहमनी काळातला, १४२५ च्या सुमारास अहमदशहानं बांधलेला, पुढं इमादशाहीनं दुरुस्त केलेला. आतली मोठी मशीद उंचवट्यावर आहे. दर्शनी बाजूला सात कमानी, आत तीन खण खोली. मागची पश्चिम भिंत ढासळलीय. पुढची कमानींची ओळ मात्र उभी आहे.

उघडी पडलेली इमारत शिकायला फार चांगली. धड उभ्या मशिदीत गिलाव्याखाली जे झाकलेलं असतं ते इथं कापून ठेवल्यासारखं दिसतं: कमानीचा दगड किती खोल आहे, दर्शनी घडीव दगडामागे कसला भराव घातलाय, घुमटाचा पहिला थर कुठून उचललाय. पावसाळ्यानंतर गवत वाढलेलं असतं, काठी आपटत चाला. पडक्या कमानीखाली उभं राहून फोटो नको.

काळी_माती
मैनाताईंशी सहमत. बुलढाण्याकडचं रोहिणखेडही घ्या. तिथली मशीद १५८२ ची, खुदावंदखानाची. मोताळा तालुक्यातलं साधं खेडं, पण दगडकाम पाहण्यासारखं. विदर्भात हे पाहायला रांग-बिंग काही नाही. फक्त गावातल्या जबाबदार माणसाला आधी विचारा.

पूर्णाकाठ
मैनाताई, गाविलगड पक्का, तो तर घरचाच. कालबूत सर, संत्र्याचं उदाहरण आमच्या गवंड्यांना एकदम पटलं. त्यातल्या एकाचा प्रश्न: सेंटरिंगच्या लाकडाशिवाय घुमट उभा राहतो का? एवढं लाकूड त्या काळी आणत कुठून?

कालबूत
लहान घुमटाला पूर्ण सेंटरिंग लागत नाही. मधोमध खांब पुरायचा, त्याच्या डोक्याला दोरी. प्रत्येक वीट दोरीच्या टोकाला लागली पाहिजे, आत नाही, बाहेर नाही. खालचे थर जवळजवळ आडवे असतात, वीट घसरत नाही. वर जाऊ तसा उतार वाढतो. इथं खुबी अशी की एक थर पूर्ण गोल झाला की तो आत पडू शकत नाही, कारण प्रत्येक वीट शेजारणीला अडलेली असते. धोका फक्त अर्धवट थराला. म्हणून थर अर्धा टाकून जेवायला जायचं नाही. माथ्याजवळ मात्र आधार द्यावाच लागतो.

कमानीला कालबूत, म्हणजे खालून आधार देणारा लाकडी साचा, लागतंच. तिथं चूक होते ती काढताना. पाचर एकदम ठोकून काढली की कमान एका झटक्यात बसते आणि तडकते. पाचरा सगळीकडून थोड्या थोड्या सैल करायच्या, रोज अर्धा सूत, एक सूत. चुन्याची कमान सिमेंटसारखी दोन आठवड्यांत कडक होत नाही. तिला थोडं बसू द्यावं लागतं.

कमानीत तडा दिसला तर वाचायचा असा: माथ्याला तडा खालून उघडलेला आणि दोन्ही खांद्यांना वरून उघडलेला असेल, तर पाय फाकलेत. रोग खाली आहे. वरून चावीचा दगड (माथ्यावरचा मधला) चोपून काही उपयोग नाही.

गुरुजी_निवृत्त
माझं मत थोडं वेगळं. तुम्ही सर्व जण मशीद म्हणजे घुमट असं धरून चालला आहात. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीला एकही घुमट नाही. दर्शनी १५ कमानी, दोन टोकांना दोन मिनार, बाहेरून छत सपाट. फारुकी घराण्यातल्या राजा अलीखानानं ती १५९० च्या सुमारास पूर्ण केली. काळ्या दगडात आहे आणि अवघड काहीच दाखवायचा प्रयत्न नाही, तरी पंधरा कमानींची ती ओळ डोळ्यांपुढून हलत नाही.

तिथं किब्ल्याच्या भिंतीवर अरबी लेखासोबत संस्कृत लेख आहे. सुरुवात ‘श्री सृष्टिकर्त्रे नमः’ अशी. पुढं अव्यक्त, व्यापक, नित्य अशा शब्दांत ईश्वराचं वर्णन, मग फारुकी राजांची वंशावळ, मग पंचांगासकट तारीख: संवत १६४६, शके १५११. तिथी-नक्षत्रासह दिलेली तारीख मशिदीत वाचायला मिळणं दुर्मीळ. मास्तर मंडळींनी लेखासाठी लहान टॉर्च न्यावी. उजेड समोरून टाकला तर अक्षर सपाट दिसतं, बाजूनं टाकला तर उठून येतं. खडू किंवा पाणी लावून अक्षरं भरू नयेत.

ओळंबा
गुरुजी, बरोबर. मिनारसुद्धा मशिदीला अनिवार्य नाही, घुमटही नाही. दिशा, स्वच्छ जागा आणि वजूचं (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचं) पाणी, एवढ्यावर मशीद होते. बाकी बांधणाऱ्याची ऐपत आणि गवंड्याचा हात.

फक्त सपाट छताबद्दल एक दुरुस्ती: बाहेरून सपाट असलं तरी आत सगळं कमानींवरच तोललेलं आहे. तुळई-पाट्यांचं छत पाहायचं असेल तर अहमदाबाद. १४२४ ची जामा मशीद, २६० खांब, १५ घुमट. तिथले घुमट कमानीचे नाहीत. दगडाचा प्रत्येक थर थोडा पुढं काढत नेलाय, आपल्या देवळांच्या मंडपाला असतो तसा. त्यात बाहेरचा रेटा जवळजवळ नसतो आणि सेंटरिंगही नको. पण दगड जड, पल्ला लहान, म्हणून खांबांचं रान.

कालबूत
आणि उजेड! अहमदाबादेत मधला भाग बाकी छतापेक्षा मजल्या-मजल्यानं उंच नेलाय आणि त्या उंचीच्या फरकात जाळ्या आहेत. ऊन सरळ आत येत नाही, जाळीतून गाळून येतं. तिथले उंच मिनार १८१९ च्या भूकंपात कोसळले, बुंधे तेवढे शिल्लक. बुंध्यावरचं कोरीव काम पाहिलं की वरचं काय असेल याचा अंदाज येतो.

शेपू_शेंगदाणा
किब्ला म्हणजे पश्चिम ना? मग आमच्याकडच्या एका नव्या मशिदीची दिशा इंजिनियरनं पश्चिमेपासून थोडी उत्तरेकडे का काढली? मक्का तर जवळजवळ आपल्याच अक्षांशावर आहे.

ओळंबा
प्रश्न झकास. मक्का सुमारे २१.४ अंश उत्तर, अचलपूर सुमारे २१.३. नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ पश्चिम. पण पृथ्वी गोल आहे. दोन जागांमधली सर्वांत जवळची वाट अक्षांशाच्या रेषेवरून जात नाही, उत्तरेकडे फुगून जाते. म्हणून अचलपुराहून दिशा येते पश्चिमेपासून सुमारे ७ अंश उत्तरेला. नागपूरला जवळपास ८. इंजिनियर बरोबर आहे.

जुन्या मशिदी यात दोन-पाच अंश इकडं-तिकडं असतात. त्यावरून भांडू नये, मोठी दिशा बरोबर असली की पुरतं असं परंपरेत मानलेलं आहे.

मोबाईलच्या होकायंत्रावर मात्र आखणी करू नका. सळयांचा ढीग, ट्रॅक्टर, पत्र्याचं शेड जवळ असलं की सुई सहज दहा-वीस अंश फिरते. खात्रीचा उपाय सावली. २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी (आपली वेळ) सूर्य मक्केच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या मिनिटाला ओळंब्यात उभ्या काठीच्या सावलीवर दोरी धरा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे पाहिलं की किब्ला समोर. आपल्याकडे १० फुटी काठीची सावली तेव्हा साधारण ७ फूट पडते. लीप वर्षात एक दिवस आधी. दुसरी संधी १६ जुलै, २ वाजून ५७ मिनिटं, पण तेव्हा ढग.

वऱ्हाडी_ठेचा
२८ मे, दुपारी पावणेतीन, आपल्या वऱ्हाडात. उन्हात काठी धरून उभा राहीन तो सरळ जन्नतलेच पोचीन. दोरी काहाले पायजे?

काळी_माती
ठेचा 😄 टोपी घाला, कांदा ठेवा खिशात.

नव्या बांधकामाचा विषय निघालाच आहे तर घुमटापेक्षा महत्त्वाचं: आपली काळी जमीन. मशीद असो, समाजमंदिर असो, पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया वरच्या थरात ठेवला तर दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा. विजापूर-गुलबर्ग्याच्या मोठ्या इमारती दगडावर टेकल्यात, आपण त्यांची नक्कल काळ्या मातीवर करतो आणि मग ‘डिझाइन चुकलं’ म्हणतो.

खोदत जाऊन मुरूम किंवा खडक लागला तर उत्तम, पाया तिथंच. फार खोल असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, खाली बल्बासारखा फुगवटा असलेले: दांडा ३० सेंटीमीटर तर बल्ब ७५, खोली किमान साडेतीन मीटर. पाइलवरची बीम जमिनीला टेकवायची नाही, खाली फट ठेवायची, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते. भिंतीबाहेर चारी बाजूंना उताराचा फरशीपट्टा, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही. आणि वजूच्या नळांचं पाणी! हे कुणी पाहत नाही. वर्षभर रोज पाच वेळा एकाच कोपऱ्यात पाणी मुरलं की तिथली माती कायम फुगलेली, बाकी तीन कोपरे कोरडे. इमारत तिरपी बसते ती अशानं. पक्की नाली काढून पाणी लांब न्या.

चुनखडी
उशिरा आलो. काळी_माती यांना दुजोरा. पाया झाला, आता छताचं पाणी.

दोन घुमटांच्या मधली घळ पाहा, घुमट नको. घुमटावरचं पाणी आपोआप ओघळतं, गळती लागते ती घळीत. पानं, कबुतरांची घाण, मग पन्हाळ तुंबते, मग तिथं माती साचते, मग पिंपळ. पिंपळाचं रोप उपटायचं नाही. मूळ सांध्यात घुसलेलं असतं, उपटलं की दगड सोबत येतो. बुडाशी कापा, मूळ मारण्याचं औषध कापलेल्या तोंडावर लावा, सुकू द्या, मग सांधा मोकळा करून चुन्यानं भरा.

आणि कृपा करून सिमेंट नको. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद. ती क्षारांसकट दगडातच अडकते, आणि पाच-दहा वर्षांत गिलावा दगडाची साल घेऊन खपली पडतो. सिमेंट दगडापेक्षा कडक, म्हणजे झिजायचं तर दगड झिजतो. सांध्याचा माल नेहमी दगडापेक्षा मऊ असावा. तो खराब झाला तर पुन्हा भरता येतो, दगड भरता येत नाही.

पूर्णाकाठ
चुनखडी काका, माल कसा करायचा तेही सांगून टाका. पुढच्या वर्षी गावातल्या जुन्या दर्ग्याच्या ओट्याचं काम आहे.

चुनखडी
कळीचा चुना घ्या, पांढरी पूड झालेला जुना नको. टाकीत आधी पाणी, मग त्यात चुना थोडा थोडा. उलट केलं, म्हणजे चुन्याच्या ढिगावर पाणी ओतलं, तर उकळून उडतो. डोळ्याला चष्मा आणि पोरांना लांब ठेवणं आलंच. ढवळून गाळा, वर बोटभर पाणी राखून मुरू द्या. किमान पंधरा दिवस, महिना झाला तर आणखी चांगलं. न विरलेला खडा मालात राहिला तर तो नंतर भिंतीत फुगतो आणि गिलाव्यावर चिंचोक्याएवढी भोकं पडतात.

सांध्यांसाठी १ भाग चुना, १ भाग सुरखी, १ भाग चाळलेली वाळू. सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची पूड. कच्च्या विटेची चालत नाही, ती नुसती माती. चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाखाली) दळलं तर उत्तम, घाणी नसेल तर लाकडी मुसळानं कुटा. माल थापीला चिकटून राहिला पाहिजे, उलटी केली तरी पडू नये. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर घालायची रीत आहे, पण हात राखून. गूळ जास्त झाला की माल लवकर धरत नाही आणि मुंग्या लागतात.

भरण्याआधी सांधा खरवडून, धुऊन ओला करा. कोरडा दगड मालातलं पाणी ओढून घेतो आणि माल भुसभुशीत होतो. गिलाव्याचा थर एका वेळी १०-१२ मिलिमीटरहून जाड नको. वर ओली पोती, आठवडाभर तरी. एप्रिल-मे मध्ये काम नकोच, दिवाळी ते फेब्रुवारी बेस. जुना तडा भरायच्या आधी त्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहा. एक पावसाळा काच अखंड राहिली तर तडा झोपलेला आहे, भरा. काच फुटली तर आधी पाया पाहा.

मेळघाट_मैना
काचेची पट्टी वाचून ठेवली. आणि पूर्णाकाठ, तुमचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. दोन फेऱ्या कुठल्या?

गुरुजी_निवृत्त
पहिली बुऱ्हाणपूर, निःसंशय. भुसावळहून खंडव्याकडच्या गाड्यांनी सोयीचं आहे, मलकापूरकडून रस्त्यानंही. दोन दिवस पुरे. परत येताना अशीरगडावर मशीद आहे, तिथंही संस्कृत लेख.

शेपू_शेंगदाणा
दुसरी दिल्ली. पोरांना दिल्ली दाखवा हो.

कालबूत
दिल्ली नंतर कधीही होते, गाड्या आहेत. गवंडी सोबत आहेत तर दुसरी फेरी गुलबर्गा-विजापूर, चार दिवस. क्रम उलटा करू नका: आधी गुलबर्गा, मग विजापूरची जामा मशीद, शेवटी गोल घुमट. गुलबर्ग्यात नऊ खणांवर एक घुमट दिसतो. विजापूरच्या जामा मशिदीत त्याच नऊ खणांतले मधले चार खांब गाळून छेदत्या कमानींवर घुमट तोललेला दिसतो, आणि मग गोल घुमटात तीच गोष्ट खांबाशिवाय. तीन इमारतींत तीनशे वर्षांचा हिशोब. गोल घुमटाच्या सज्जात दार उघडताच शिरा, शाळांच्या सहली आल्या की शिट्ट्यांशिवाय काही ऐकू येत नाही.

भोपाळची ताज-उल-मसाजिद तिसऱ्या फेरीला ठेवा. शाहजहान बेगमनं सुरू केलेली, १९०१ मध्ये तिच्या मृत्यूनंतर रखडलेली, १९७१ ला काम पुन्हा हाती घेऊन १९८५ ला पूर्ण. जुना आराखडा आणि नवं काम एकाच इमारतीत कसं जुळवलंय, ते पाहायला मिळतं. हैदराबादची मक्का मशीदही अशीच दोन राजवटींची. कुतुबशाहीत सुरू, औरंगजेबानं १६९४ मध्ये पुरी केली, काम ग्रॅनाइटात.

ओळंबा
चालू मशिदींत नमाजाच्या वेळा सोडून जा, शुक्रवारी दुपार तर टाळाच. चपला बाहेर, डोकं झाकायला रुमाल, अंग झाकणारे कपडे. बायांना कुठवर जाता येतं ते जागेजागी वेगळं, आधी विचारून ठेवा, दारात हुज्जत नको. वजूच्या हौदावर डबे धुवायला बसू नका. मोजपट्टी काढायच्या आधी मुतवल्लींना (मशिदीचे व्यवस्थापक) सांगा, नाहीतर लोकांना वाटतं सरकारी मोजणी आली.

वऱ्हाडी_ठेचा
मोजपट्टी, टॉर्च, रुमाल, संत्र, काचपट्टी. अन् जेवाचा डबा कोणाच्या झोयीत?

पूर्णाकाठ
ठरलं मग. नोव्हेंबरात एक दिवस गाविलगड, लगेच बुऱ्हाणपूर. जानेवारीत गुलबर्गा-विजापूर. अष्टकोन काल रात्री ओट्यावर काढून पाहिला. सुताराची दोरी ओली होती, १४ फूट २ ऐवजी १४ फूट ४ भरली आणि अष्टकोन वाकडा आला. आज स्टीलची टेप आणतो.

चुनखडी
दोरी ओली वापरायची असेल तर मापही ओल्या दोरीनंच घ्या. अर्ध्यात टेप आणली तर आणखी वाकडं होईल. सगळ्या आठ खुणा पुसा आणि कर्णापासून पुन्हा सुरू करा.